अकराव्या आणि बाराव्या गाण्याच्या मध्ये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला, रॉक गायक-गीतकार नील यंगच्या 'ग्रेटेस्ट हिट्स' या संकलनावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण त्याला आपल्याकडे अर्धं पान मिळालं हेच पुष्कळ होतं. दुसऱ्यांदा वाचावा लागला तो पुतण्यामुळे. तो म्हणाला, "काका, म्हणजे मधली पाच वर्षं नाही ऐकली तरी चालेल ना?" पोराचं काही चुकलं नाही. 'हार्ट ऑफ गोल्ड'नंतर यंगचा सूर हरवला आणि 'लाइक अ हरिकेन'ला तो परत सापडला, असं समीक्षकांनीच लिहिलंय. आधार काय, तर संकलनातलं अकरावं गाणं १९७२चं आणि त्यानंतरचं बारावं एकदम १९७७चं!

वर "यंगने स्वतः निवडलेली सर्वोत्तम सोळा गाणी" असंही एक वाक्य आहे. हे साफ चूक आहे. २००४ साली हे संकलन आलं तेव्हाच त्यात छापलं होतं की रेकॉर्डची विक्री, रेडिओवर गाणं किती वाजलं आणि डाउनलोड किती झाले, यावरून गाणी घेतली आहेत. यंगने काही लपवलं नव्हतं. खपाचा हिशोब होता आणि तो हिशोब म्हणूनच मांडला होता. समीक्षकांनी त्यावरून माणसाच्या उभ्या कारकिर्दीला गुण दिले, याचा मला राग आला.

त्या पाच वर्षांत काय झालं, ते याच संकलनापासून सांगतो. पहिल्या तीन गाण्यांत यंगच्या बरोबरीने जी गिटार वाजते ती क्रेझी हॉर्स या त्याच्या साथीच्या बँडमधल्या डॅनी व्हिटनची. नववं गाणं, 'द नीडल अँड द डॅमेज डन', त्याच्याच व्यसनावरचं. नोव्हेंबर १९७२मध्ये तालमीत व्हिटनच्या हातून काही वाजेना, म्हणून यंगने त्याला घरी पाठवलं आणि त्याच रात्री तो वारला. पुढच्या वर्षी ब्रूस बेरी हा त्यांचा सामानसुमान सांभाळणारा सोबतीही अमली पदार्थांपायीच गेला. 'टुनाइट्स द नाइट' ही अख्खी रेकॉर्ड १९७३मध्ये गायली गेली ती या दोघांच्या दुःखात. ती बाजारात आली १९७५ला. म्हणजे धोक्याचा इशारा देणारं गाणं संकलनात आहे, पण तो इशारा खरा ठरल्यावर जे गायलं गेलं त्यातलं एकही नाही. त्याला सूर हरवणं म्हणायचं?

हे मी अधिकाराने लिहीत नाही, मीही तीच चूक करून बसलोय. कॉलेजात असताना एका मित्राने मला 'टुनाइट्स द नाइट' कॅसेटवर भरून दिली होती. पाठीवर निळ्या पेनाने नाव लिहिलेलं. मला 'हार्ट ऑफ गोल्ड'सारखं काहीतरी हवं होतं. त्यातलं 'मेलो माय माइंड' हे गाणं लागलं आणि वरच्या सुरावर आवाज चरकन फाटला. मला वाटलं, टेपचं हेड घाण झालंय. स्पिरिटचा बोळा फिरवला, रिवाइंड करून पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच फाटला. दुसऱ्या दिवशी "रेकॉर्डिंग खराब आहे" म्हणून कॅसेट परत केली. तो वाद घालायला लागला नाही, गप्प खिशात टाकून गेला. काही वर्षांनी तो वारला. त्याच्यामागे मी ती रेकॉर्ड मिळवून सलग ऐकली, तेव्हा कळलं की टेप ठीक होती. यंगचाच आवाज फाटला होता आणि तो त्याने तसाच राहू दिला होता. मित्राला हे सांगायचं राहून गेलं. पुतण्याच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून हे पत्र.

यंगची स्वतःची निवडच बघायची असेल तर १९७७चा 'डिकेड' हा गाण्यांचा संग्रह घ्यावा. तीन रेकॉर्ड, पस्तीस गाणी, आणि टिपणं त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली. 'हार्ट ऑफ गोल्ड'ने मला रस्त्याच्या मधोमध आणलं, तिथं कंटाळा आला म्हणून मी कडेच्या खड्ड्याकडे वळलो, अशा अर्थाचं त्याने त्यात लिहिलंय. अमेरिकेत त्याचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकमेव गाणं, आणि त्याच्याबद्दल हे! त्या 'डिकेड'मध्ये त्या मधल्या वर्षांतली गाणी आहेत: 'टुनाइट्स द नाइट' हे त्या नावाचं गाणं आहे, 'टायर्ड आइज' आहे, 'वॉक ऑन' आहे. विक्रीने जी वर्षं वगळली ती त्याने मोजून घेतली होती.

आणखी एक. छायाचित्राखाली "अमेरिकी गायक" छापलंय. यंग १९४५मध्ये टोरांटोत जन्मला, तो कॅनडाचा. अमेरिकेचं नागरिकत्व त्याने घेतलं ते २०२०मध्ये, पंचाहत्तरीला टेकल्यावर. 'हेल्पलेस' याच संकलनात आहे, ते उत्तर ऑन्टारियोतल्या गावाच्या आठवणीचं गाणं आहे. ते लक्ष देऊन ऐकलं असतं तर ही चूक झाली नसती.

दुरुस्ती छापणार असाल तर तीत मधल्या वर्षांतल्या या तीन रेकॉर्डही छापा: 'टाइम फेड्स अवे' १९७३, 'ऑन द बीच' १९७४, 'टुनाइट्स द नाइट' १९७५. पुतण्याला कात्रण द्यायचं आहे.

आपला,
एक जुना वाचक