डोकं दुखणं हीच खरी बातमी होती

संपादक महोदय,

कामावर सॉल्व्हेंट (रंग-शाई विरघळवायला, पुसायला वापरतात ती उडून जाणारी रसायनं) हाताळणाऱ्या बायकांच्या बाळांना व्यंगाचा धोका 13 पट, अशी बातमी तुमच्याकडे वाचली, पण हेडिंगमध्ये नुसता आकडा टाकून घाबरवलंत आणि कामाचं तेवढं राहूनच गेलं.

ती बातमी ज्यावर होती तो कॅनडातल्या टोरोंटोचा अभ्यास 1999 चा आहे. सॉल्व्हेंटवाल्या 125 गरोदर बायकांत 13 बाळांना मोठे दोष निघाले, बाकीच्या 125 जणींत फक्त 1, म्हणून 13 पट. आता साधारण 100 बाळांत 3 ना काहीतरी मोठा दोष असतोच, म्हणजे त्या दुसऱ्या गटातही तीन-चार निघायला हवे होते, तिथे एकच निघाला म्हणून पट एवढी फुगली. धोका नाहीये असं मी म्हणत नाहीये हां, फ्रान्समध्ये नंतर 3,400 वर गरोदर बायकांच्या अभ्यासातही दुभंगलेले ओठ-टाळू, मूत्रमार्गाचे दोष यांचा सॉल्व्हेंटशी संबंध दिसलाच.

पण टोरोंटोच्या 13 पैकी 12 बाळं कामावर त्रास होणाऱ्या आयांची होती, म्हणजे डोकेदुखी, डोळे चुरचुरणं, श्वास लागणं वगैरे, आणि काहीच त्रास नसलेल्या 43 जणींत एकही नाही! हे का नाही छापलंत?

मी स्वतः छापखान्यात सॉल्व्हेंटने रोलर पुसायचे. दुपारपर्यंत डोकं ठणकायचं, गोळी घेऊन परत कामाला, कारण सगळ्यांचंच दुखायचं त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं वाटायचंच नाही. मास्क मिळायचा तो धुळीचा, वाफ त्यातून आरपार जाते. दिवस गेल्याचं सांगितलं तर सुपरवायझर म्हणाले, ठीक आहे, उद्यापासून पॅकिंगला बसा. चांगलेच वागले ते, पण तेव्हा तिसरा महिना लागलेला आणि बाळाचं हृदय, हातपाय हे सगळं पहिल्या दोन महिन्यांतच बऱ्यापैकी घडून झालेलं असतं. (माझं बाळ सुखरूप आहे, म्हणून हे एवढं शांतपणे लिहितेय.)

म्हणून बायकांना घरी बसवा असंही कोणी म्हणू नये. अमेरिकेत एका बॅटरी कंपनीने शिशाच्या कामातून बायकांना सरसकट बाहेर ठेवलं होतं, 1991 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. एक्झॉस्ट नीट चालू ठेवा, डबे झाकून ठेवा, सॉल्व्हेंट बदलता येत असेल तर बदला, ते पुरुषांच्याही नाकात जातंच की.

पुढच्या बातमीत त्या 12 आणि 43 चं एका ओळीत तरी छापाल का?

आपली एक वाचक