सतरा मायक्रोसेकंदांचे आभार

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

ज्या दोषाशी मी चार रात्री झटत होतो, तो आपण माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून तासाभरात शोधून दिलात. त्या धांदलीत आभार मानायचे राहिले, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण स्वतःचा प्रोसेसर जुळवू पाहणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर) उतरवलेला माझा ३२ बिटांचा रिस्क-फाइव्ह (खुल्या आदेशसंचाचा) प्रोसेसर सुरू होत होता, एलईडी लुकलुकत होता, पण सिरीयल पोर्टवर स्वागताच्या ओळीऐवजी प्रश्नचिन्हे आणि चौकोन उमटत होते. मी केबल बदलली, नवा यूएसबी-सिरीयल अडॅप्टर आणला, शेवटी कंपायलरवरही संशय घेतला. आपण मात्र आल्या आल्या म्हणालात, “कचरा येतोय ना? मग निम्मं काम झालंय.”

मग आपण मला इंग्रजीतले मोठे ‘यू’ अखंड पाठवायला सांगितलेत. या अक्षराचे बिट एकाआड एक शून्य आणि एक असे असतात व स्टार्ट-स्टॉप बिट धरूनही ती लय मोडत नाही, त्यामुळे ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) सरळ चौकोनी लाट दिसते आणि एका बिटाची रुंदी तिथल्या तिथे मोजता येते. १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) ती ८.६८ मायक्रोसेकंद हवी होती, निघाली १७.४. आपण पडद्यावरून नजर काढून एलईडीकडे पाहिलेत. दर सेकंदाला लुकलुकायला हवा तो दोन सेकंद घेत होता, आणि ही खूण चार रात्री माझ्या डोळ्यांसमोर होती! क्लॉकचे ठोके देणाऱ्या ऑसिलेटरच्या धातूच्या डबीवर ५० (मेगाहर्ट्‌झ) छापलेले होते. ते ठोके दुप्पट करणारा पीएलएल मी काढून टाकला, पण १०० मेगाहर्ट्‌झ धरून काढलेला ८६८ हा भाजक (एका बिटाला किती ठोके, तो आकडा) यूआर्टमध्ये (सिरीयल पोर्टवर बिट पाठवणाऱ्या भागात) तसाच राहिला. हवा होता ४३४. म्हणजे अक्षरे ५७,६०० बॉडने येत होती, आणि टर्मिनलवर एकेक वेग लावून पाहताना नेमका तेवढाच मी गाळला होता, हे लिहितानाही ओशाळायला होते.

भाजक सुधारल्यावर ओळ आली, पण मधली अक्षरे गळत होती. एक अक्षर बाहेर पडायला दहा बिटांचे सुमारे ८७ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रोसेसरची चार हजारांहून अधिक चक्रे लागतात, आणि मी यूआर्टची स्थिती सांगणारे स्टेटस रजिस्टर न वाचताच अक्षरामागून अक्षर कोंबत होतो. तेव्हा आपण रागावला नाहीत, “यूआर्ट मोकळा आहे का, हे कोण विचारतंय?” एवढेच म्हणालात आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात.

आता भाजक हाताने लिहीत नाही, क्लॉकच्या एकाच आकड्यावरून तो निघतो. ऑसिलोस्कोपचा आपला प्रोब मात्र अजून माझ्याच खणात आहे. येत्या शनिवारी आणून देतो.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी