मुंबईच्या बोरा बाजारातल्या कॅमेरावाल्या काकांना, पस्तीसच्या लेन्सबद्दल

काका, सा. न. वि. वि.

श्रावणातल्या एका शनिवारी तुमच्या दुकानात छत्री विसरून गेलेली मुलगी ती मीच. छत्री न्यायला येणारच आहे. पण समोर आले की मला हे नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्याकडे येण्याआधीची हकीकत मी अर्धीच सांगितली होती. लाज वाटत होती. त्या आधीच्या दुकानाचं नाव इथेही घेत नाही. एसी होता, काचेची कपाटं होती, एवढं पुरे. भावाला नेलं होतं ते बॅग धरायला. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं त्याला मिळत होती. अ‍ॅपर्चर कशाशी खातात हे त्याला आजही ठाऊक नाही, पण मान मात्र तो छान डोलवत होता. 'बजेट किती?' एवढं एक विचारून त्यांनी ५० एमएमची १.८ डी लेन्स पुढ्यात ठेवली. सगळे हीच नेतात म्हणे. घरी येऊन लावली तर फोकस हलेना. त्या लेन्सला स्वतःची मोटर नसते, ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते, आणि माझ्या निकॉन डी ५३०० मध्ये ती मोटरच नाही. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या गळ्यात लटकत होता हो! दुसऱ्या दिवशी गेले तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वर 'हाताने फिरवा की, खरे फोटोग्राफर तसंच करतात' हेही ऐकून आले.

फिरवलंही. संगमेश्वरजवळच्या आमच्या घरात माजघर एवढंसं आणि माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० ची लेन्स तिथे ७५ सारखी वागते, म्हणजे चौकटीत आणखीच कमी मावतं. पाठ भिंतीला टेकली तरी चुलीपुढे बसलेल्या आजीचा निम्मा पदर चौकटीबाहेर. आजी विचारते, 'अगो, लांब का पळतेस?'

तुमच्या जिन्यात दिवाही नव्हता. वर आले तेव्हा तुम्ही डोळ्याला भिंग लावून कुणाचा तरी फ्लॅश उघडून बसला होतात. मी लेन्सचं नाव काढलं, तर तुम्ही बजेट विचारलं नाहीत. 'फोटो दाखव आधी' म्हणालात.

आणि खरंच पाहिलेत, काका. कार्डावर ४१२ फोटो होते, बहुतेक कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ एमएमच्या झूम लेन्सने काढलेले. स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून तुम्ही स्टुलावर बसलात, एका जुन्या बिलाची मागची बाजू घेतलीत आणि १८, २४, ३५, ५५ असे चार आकडे लिहून त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघा ओढायला लागलात. प्रत्येक फोटो किती एमएमवर काढलाय ते बघायचं आणि रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. हललेले फोटोसुद्धा सोडले नाहीत. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला 'दहा मिनिटं' म्हणालात. अर्धा तास गेला असेल. ३५ च्या खालच्या रेघा कागदाच्या कडेला जाऊन पुन्हा वरून सुरू झाल्या होत्या. तो कागद माझ्याकडे सरकवून तुम्ही म्हणालात, 'मी काय सांगणार? तूच सांगितलंयस.'

जिन्यात आले आणि रडू आलं. छत्री विसरली ती त्यामुळेच. गेली चार वर्षं माझे फोटो कुणी असे ओळीने पाहिले नव्हते. घरच्यांनीही नाही, भावाने तर नाहीच.

त्याआधी, मी निघण्यापूर्वी, तुम्ही ड्रॉवरमधून ३५ एमएमच्या दोन वापरलेल्या लेन्सा काढल्यात, दोन्ही १.८ जी, म्हणजे स्वतःची मोटर असलेल्या. एकीतून टॉर्च मारून दाखवलात: आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, मुंबईच्या हवेत कपाटात पडून राहिलेली लेन्स. दुसरी स्वच्छ. बुरशी लागलेली आधी दाखवणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदाच पाहिला. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव म्हणालात, तशीच ठेवते.

आमच्या गावात एक शिंपी होते. कापड हातात घेऊन सरळ सांगायचे, 'ह्यात शर्ट बसणार नाही, उगाच फाडू नका.' शिलाई बुडायची, पण लोक चार मैल चालून त्यांच्याकडेच जायचे. ते गेल्यावर अशी माणसं संपली असं मी धरून चालले होते. निदान बाजारात तरी.

गणपतीला गावी गेले. आमच्या माजघरात उजेड येतो तो वरच्या एका काचेच्या कौलातून, तेवढाच. जुन्या १८-५५ ने तिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, १६०० ठेवूनही शटर १/१५ सेकंदापेक्षा जलद ठेवता यायचं नाही आणि आजीचे हात म्हणजे नुसता धूर दिसायचा. पस्तीसच्या लेन्सचं तोंड जास्त उघडतं, तिने तेवढ्याच उजेडात १/१०० मिळाला. आजी उकडीच्या पारीला कळ्या पाडत होती. पहिल्या वीसेक फोटोंत अंगठ्याचं नखसुद्धा लख्ख आणि चेहरा पार विरघळलेला, कारण हावरटासारखं तोंड पूर्ण उघडं, १.८ वरच धरून बसले; तेव्हा फोकसमध्ये फारच थोडं येतं. 'अडीचवर ठेव', म्हणजे तोंड थोडं मिटव, हे तुमचं वाक्य नंतर आठवलं. तिथून पुढचे जमले. एकात अंगठा, पारी, चष्म्याच्या काचेत उतरलेलं कौल, सगळं आहे. फ्लॅश नाही, त्यामुळे आजीने डोळे मिटलेले नाहीत. फोटो पाहून ती म्हणाली, 'कळी वाकडी आलीय, दुसरा काढ.'

त्याची मोठी प्रिंट करून घेतली आहे, तुमच्यासाठी. रेघांचा तो कागद मी परत देणार नाही, तो पाकिटात आहे. छत्री राहू द्या, मी शनिवारी येते. आजीने नारळाच्या वड्या दिल्यात. आणि ती ५० ची डी लेन्स सोबत आणते आहे. ज्याच्या कॅमेऱ्यात मोटर आहे असं कुणी तुमच्याकडे आलं तर त्याला द्या, पण आधी त्याचे फोटो बघा.

तुमची,
छत्रीवाली