लेखकाने हे कशासाठी लिहिले, हे मुलांना विचारायला शिकवावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाची शालेय पुरवणी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातील मराठी शाळांत आवडीने वाचली जाते. तिच्यातील उताऱ्यांखाली जे प्रश्न छापले जातात, त्यांविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. रिकाम्या जागा भरा, समानार्थी शब्द लिहा, एका वाक्यात उत्तर द्या आणि शेवटी, या उताऱ्यातून तुम्ही काय बोध घेतला, अशी त्या प्रश्नांची ठरलेली चाल असते. वर्गातील स्वाध्यायही बहुधा याच वळणाने जातात. लिहिणाऱ्याने हा मजकूर कशासाठी लिहिला असेल आणि ते तुम्हाला कशावरून वाटते, हा प्रश्न मात्र क्वचितच दिसतो. माझी सारी नोकरी खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांत झाली आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत आहे, की हा प्रश्न तिसरीपासूनच नेमाने विचारला गेला पाहिजे.

बोधाच्या प्रश्नाला माझा विरोध नाही. पण त्याची उत्तरे मुलांकडे आधीच तयार असतात. नेहमी खरे बोलावे, झाडे लावावीत, आळस करू नये, यांपैकी एखादे वाक्य जवळपास कोणत्याही पाठाला लागू पडते, गाईडमध्येही तेच छापलेले असते आणि त्यासाठी पाठ वाचावाच लागतो असे नाही. छापलेले जे जे समोर येईल त्यातून काहीतरी चांगले घ्यायचे, एवढीच सवय अशाने अंगवळणी पडते. ही सवय घेऊन मूल जाहिरात वाचते, निवडणुकीचे पत्रक वाचते आणि आई-वडिलांच्या मोबाईलवर फिरत आलेला संदेशही तितक्याच विश्वासाने वाचते.

सुरुवात सोप्या गोष्टीपासून करता येते. कोल्ह्याने कावळ्याच्या आवाजाची स्तुती करून त्याच्या चोचीतला घास पळवला, ही गोष्ट दुसरीच्या मुलालाही ठाऊक असते. तू फार गोड गातोस, असे कोल्हा का म्हणाला, हे विचारले की त्याला तो घास हवा होता असे सगळा वर्ग एका सुरात सांगतो. म्हणजे ओठांवर एक आणि मनात दुसरे असू शकते, हे सात वर्षांच्या मुलाला कळतेच. त्यावर लगेच विचारावे, की मग ज्याने ही गोष्ट रचली त्याला काय हवे होते? इथे वर्ग अडखळतो. काही मुले पुन्हा घासच म्हणतात, कारण गोष्टीतले पात्र वेगळे आणि गोष्ट सांगणारा वेगळा, हे त्यांना तोवर कोणी दाखवलेले नसते. ते दाखवायला एक तास पुरतो आणि एकदा ते उमगले की पुढचे सारे सोपे होते.

पाचवीच्या वर्गात मी मलप्रभेवरचे तीन मजकूर फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत असे. पहिला भूगोलाच्या पुस्तकात शोभेल असा : मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबी येथे उगम पावते आणि सुमारे ३०४ किलोमीटर वाहत जाऊन कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते. दुसरा, चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांसाठी लावलेल्या फलकांच्या धर्तीवरचा : धुक्याच्या कुशीत, मलप्रभेच्या उगमापाशी दोन दिवस सहकुटुंब स्वर्गसुख अनुभवा, आजच खोली राखून ठेवा. तिसरा गोष्टीचा तुकडा मीच रचलेला असे. त्यात लहानगी मलप्रभा डोंगराचा निरोप घेऊन एकटीच निघते आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला समुद्र अजून किती लांब आहे असे विचारत जाते.

मग प्रश्न विचारायचे. हे वाचून झाल्यावर आपण काय करावे अशी लिहिणाऱ्याची इच्छा दिसते? कोणता शब्द काढून टाकला तर मजकुराचा जोर जाईल? आणि काय सांगायचे राहिले आहे? या शेवटच्या प्रश्नावर घाटाकडच्या एका मुलीने उठून सांगितले, ‘बाई, पावसाळ्यात तितं जळवा किती असत्यात, ते काय लिवलेलं न्हाई की.’ वर्ग हसला, पण तिने नेमक्या जागी बोट ठेवले होते. दुसऱ्या एकाने लगेच हरकत घेतली, की जळवा तर पहिल्या मजकुरातही नाहीत. त्या हरकतीवर उरलेला तास गेला आणि तो सार्थकी लागला असे मी मानते. नदीची लांबी सांगणाऱ्याला जळवांशी कर्तव्य नाही, म्हणून त्याने त्या गाळल्या. खोली भाड्याने देणाऱ्याने त्या सांगितल्या असत्या तर गिऱ्हाईक बिचकले असते, म्हणून त्याने गाळल्या. गाळलेली गोष्ट एकच, पण गाळण्यामागची कारणे वेगळी, हे मुलांनी आपल्याच शब्दांत मांडले. लेखकाच्या मनात शिरता येत नाही. त्याने निवडलेले शब्द, ज्याला उद्देशून लिहिले तो वाचक आणि न सांगितलेल्या गोष्टी यांवरूनच त्याचा हेतू ताडावा लागतो. म्हणून ‘कशावरून’ हा प्रश्न जोडल्याशिवाय हेतूचा प्रश्न विचारूच नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. माहिती देणे, मन वळवणे आणि रंजन करणे असे तीन कप्पे करून प्रत्येक पाठ त्यांपैकी एकात टाकायचा, अशी पद्धत पडली तर हाही प्रश्न बोधाच्या प्रश्नासारखाच गाईडमध्ये जाऊन बसेल. पंचतंत्राचेच पाहा. अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात तरबेज करण्यासाठी विष्णुशर्म्याने त्या गोष्टी सांगितल्या, असे ग्रंथाच्या प्रारंभीच म्हटले आहे. तरीही रंजन नसते तर ती राजपुत्रमंडळी दुसऱ्या दिवशी ऐकायला बसली नसती. एकाच मजकुरात दोन-तीन हेतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांतला मुख्य कोणता याबद्दल मुलांत मतभेद झाला तर तो होऊ द्यावा.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. हेतू ओळखायला लागलेली मुले काही दिवस सगळ्यांवरच संशय घेऊ लागतात; मन वळवणारा म्हणजे फसवणारा, असे समीकरण त्यांच्या डोक्यात बसते. अशा वेळी पल्स पोलिओचे भित्तिपत्रक वर्गात आणावे. तेही मनच वळवते, पण त्यामागे बाळाचे हित आहे आणि त्यातली माहिती पडताळून पाहता येते. हेतू कळला म्हणजे मजकुराची खरी-खोटी पारख झाली असे नव्हे. ती त्यापुढची पायरी आहे.

आपल्या भागात या शिक्षणाची निकड अधिक आहे. इथले मूल घरी मराठी बोलते, बसची पाटी कन्नडमध्ये वाचते आणि दुकानाच्या फलकावर इंग्रजी पाहते. तिन्ही भाषांतील त्याचा शब्दसंग्रह सारखा नसतो, परंतु हे कोणी, कोणासाठी, कशासाठी लिहिले, हा प्रश्न तिन्हींत सारखाच विचारता येतो. मराठीच्या बाईंनी आणि कन्नडच्या सरांनी ठरवून एकाच आठवड्यात तो विचारला, तर कन्नड उताऱ्याची धास्तीही कमी होईल. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, जवळ आला की दोन्ही भाषांतील पत्रके आणि संदेश वाहू लागतात. सीमाप्रश्नावर माझी स्वतःची मते ठाम आहेत आणि ती मी लपवत नाही. तरीही माझ्या बाजूचे पत्रकसुद्धा आमच्या मुलांनी डोळे उघडे ठेवूनच वाचावे, असे मला मनापासून वाटते.

ही उणीव आपल्याकडेच आहे असे नाही. २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत, उघड खूण नसताना वस्तुस्थिती आणि मत यांतील फरक ओळखणे ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांतल्या पंधरा वर्षांच्या दहा मुलांपैकी एकालाही धडपणे साधले नव्हते. माध्यमिक शाळांसाठी तर आपल्या पत्रकारितेतच उत्तम सामग्री आहे. मुलींचे संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला ‘केसरी’ने विरोध केला आणि आगरकरांच्या ‘सुधारका’ने पाठिंबा दिला. त्याच आगरकरांनी पूर्वी ‘केसरी’चे संपादकपद सांभाळले होते. एकाच कायद्यावरील त्या दोन पत्रांतील परिच्छेद नववीच्या मुलांपुढे ठेवले, तर दोन्हीकडचे विद्वान कोणाला उद्देशून लिहीत होते आणि वाचकाकडून कशाची अपेक्षा करत होते, हे मुले स्वतः शोधू शकतील.

आपल्याला माझी विनंती अशी, की शालेय पुरवणीत दर आठवड्याला एकाच विषयावरचे दोन छोटे मजकूर शेजारी शेजारी छापावेत आणि त्यांखाली हेतूचा एकच प्रश्न, ‘कशावरून’ यासह, द्यावा. महिन्यातून एकदा त्यांतला एक मजकूर सोप्या कन्नडमध्ये असावा. बातमी, अग्रलेख, वाचकांचे पत्र आणि पैसे देऊन छापून घेतलेला मजकूर हे एकाच अंकात कसे ओळखावेत, हे आपल्याच दैनिकाची पाने दाखवून मुलांना एकदा समजावून सांगावे. याच पुरवणीत शिकवणी वर्गांच्या जाहिराती कधी कधी लेखासारख्या मांडणीत येतात. त्यांच्या माथ्यावर ‘जाहिरात’ हा शब्द मुलांना सहज दिसेल एवढ्या ठळक अक्षरांत छापावा. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना हा उपक्रम हाती घेतलात, तर पहिल्या काही महिन्यांचे उतारे निवडून देण्याचे काम मी आणि माझ्या काही निवृत्त सहकारी शिक्षिका विनामूल्य करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
खानापूर, जि. बेळगाव