सुनीतास पत्र: रेकॉर्डरची डिस्क बदलण्याविषयी

लेस्टर
४ नोव्हेंबर २०१२

प्रिय सुनीता,

काहीही पुसू नकोस. तुझं पत्र वाचताना पहिलं हेच मनात आलं, म्हणून ख्यालीखुशालीच्या आधी तेच लिहिते. डिस्क भरत आली आहे, मुलांची कार्टून काढायची की भावजींच्या मोटारशर्यती यावरून घरात रोज कुरबुर चालते, आणि ऑलिंपिकचं एवढं सगळं ठेवून करायचंय काय असं सासूबाई विचारतात, असं तू लिहिलं आहेस. ते सगळं राहू शकतं. आमच्याकडेही तुमचाच बॉक्स आहे, उपग्रहावरचे टीव्ही कार्यक्रम डिस्कवर रेकॉर्ड करणारा ह्युमॅक्सचा फॉक्ससॅट-एचडीआर, आणि त्याची डिस्क मी नुकतीच बदलली. ३२० जीबीच्या जागी २ टीबी, म्हणजे दोन हजार जीबी. जुनं एकही रेकॉर्डिंग गेलं नाही.

मला एवढी कळकळ का, ते आधी सांगते. उन्हाळ्यात अप्पा इथे होते, हे तुला माहीत आहे. ते मूळचे कराडचे. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले तेव्हा अप्पा आठ वर्षांचे होते. बैलगाड्यांची ती मिरवणूक त्यांनी आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिली. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि जिंकणारा गोळेश्वरचा, म्हणजे पलीकडच्याच गावचा माणूस. पण कुस्ती कशी झाली, खाशाबांनी कुठला डाव टाकला, हे अप्पांनी आयुष्यभर फक्त ऐकलं. त्याआधी १९४८ ला खाशाबा याच लंडनमध्ये लढून सहावे आले होते, तेही ऐकूनच माहीत. पाहायला मिळणार तरी कुठे?

आणि यंदा त्याच लंडनमधली प्रत्येक कुस्ती, प्रत्येक मॅटवरची, आमच्या दिवाणखान्यात आली. बीबीसीने चोवीस वाहिन्या एचडीमध्ये उपग्रहावर सोडल्या होत्या, एकूण अडीच हजार तासांचे खेळ. नेहमीच्या प्रक्षेपणात योगेश्वर दत्तची पहिली फेरी कोण दाखवणार गं? इथे सगळं दिसलं. ११ ऑगस्टला तो रशियाच्या कुदुखोवकडून हरला. अप्पा काही न बोलता उठून आत गेले. मग कुदुखोव अंतिम फेरीत पोचला, म्हणून योगेश्वरला रेपेचाजची, म्हणजे अंतिम फेरीत गेलेल्याकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी मिळते ती, संधी मिळाली. प्वेर्तो रिकोचा गोमेझ, इराणचा इस्माइलपूर आणि शेवटी उत्तर कोरियाचा री जाँग-म्याँग, अशा तीन लढती त्याने डोळा सुजून मिटत आलेला असताना जिंकल्या. त्यातल्या एकेका पकडीपाशी अप्पा रिमोटवर थांबायचे, मागे जायचे, पुन्हा बघायचे. दुसऱ्या दिवशी सुशील कुमारचं रौप्य. ही रेकॉर्डिंगं मी डिस्क भरली म्हणून पुसणं शक्यच नव्हतं.

आता हिशेब बघ, म्हणजे तुमची डिस्क एवढ्या लवकर का भरली ते कळेल. एचडी वाहिनीचा प्रवाह सेकंदाला सरासरी १० मेगाबिट धरला तर तासाला साडेचार जीबी होतात. ३२० जीबीच्या डिस्कवर असे सत्तरेक तास बसतात, आणि बॉक्सला स्वतःसाठीही थोडी जागा लागते. साध्या वाहिन्या याच्या निम्म्याहून कमी जागा घेतात. २ टीबीवर एचडीचे चारशेच्या वर तास मावतात. बीबीसीचे ते अडीच हजार तास साठवायचे म्हटले असते तर अकरा टीबी लागले असते.

या बॉक्सची जी गोष्ट मला सगळ्यात आवडते तीही सांगून टाकते. रेकॉर्ड करताना तो चित्र नव्याने बनवत नाही. अवकाशात सुमारे पस्तीस हजार आठशे किलोमीटरवर, २८.२ अंश पूर्वेला असलेल्या उपग्रहावरून जे बिट आपल्या छतावरच्या डिशमध्ये उतरतात, तेच जसेच्या तसे डिस्कवर लिहिले जातात. आपल्या व्हीएचएसच्या कॅसेटी दर प्रतीला फिकट होत जायच्या, तसं इथे होत नाही. डिस्कवरची फाईल कितीही वेळा दुसरीकडे नेलीस तरी एका बिटाचाही फरक पडत नाही. म्हणून तर डिस्क बदलण्यात काही गमवावं लागत नाही.

डिस्क कोणती घ्यायची यावर मात्र जरा थांबूया. दुकानातली सगळ्यात वेगवान डिस्क उचलावी असं वाटतं, पण तिचा इथे उपयोग नाही. टीव्ही नुसता चालू असला तरी हा बॉक्स थेट प्रक्षेपण मागे नेता यावं म्हणून सतत डिस्कवर लिहीत असतो. वर दोन रेकॉर्डिंगं आणि एक जुनं बघणं एकाच वेळी चालू शकतं. म्हणजे डिस्कला विश्रांती जवळजवळ नाहीच. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क त्या बंद पेटीत तापते, आणि तिची घरघर रात्री दिवाणखान्यात झोपणाऱ्याला ऐकू येते. वेग तर लागतच नाही: तीन एचडी प्रवाह एकत्र केले तरी सेकंदाला चार मेगाबाइटसुद्धा होत नाहीत.

तेव्हा रेकॉर्डरसाठीच बनवलेली डिस्क घे. सीगेटच्या पाइपलाइन मालिकेतली किंवा वेस्टर्न डिजिटलची एव्ही-जीपी. या सावकाश फिरतात, कमी तापतात आणि चोवीस तास चालायच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. आणखी एक फरक आहे. संगणकाच्या डिस्कला एखादा तुकडा वाचता आला नाही की ती तिथेच अडून पुन्हापुन्हा वाचत बसते, कारण तिथे एक अक्षरही चुकून चालत नाही. पण टीव्हीचं चित्र तेवढा वेळ गोठतं. रेकॉर्डरच्या डिस्कला तो तुकडा सोडून पुढे जायला सांगता येतं. भजनात एकाचा ताल चुकला म्हणून बाकीचे टाळ थांबत नाहीत, तसं. पडद्यावर एखादा चौकोन क्षणभर विस्कटतो आणि कुस्ती पुढे चालू राहते.

२ टीबीच्या वर जाऊ नकोस. ३ टीबीच्या डिस्का आता मिळतात आणि किमतीत फारसा फरक नाही, त्यामुळे मोह होईल. पण हा बॉक्स डिस्कवरच्या जागेची विभागणी जुन्या पद्धतीने करतो. त्यात जागेचा पत्ता ३२ बिटांत लिहितात आणि एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा एक छोटा कप्पा, ५१२ बाइटचा धरतात. गुणाकार करून बघ, २.२ टीबीपाशी पत्तेच संपतात. तिथून पुढची जागा असून नसल्यासारखी.

किमतीचं म्हणशील तर मी हे काम गेल्या वर्षीच करणार होते. पण ऑक्टोबरमध्ये थायलंडला पूर आला. अयुथयाच्या बाजूचे कारखाने पाण्याखाली गेले, त्यात बांग पा-इनचा वेस्टर्न डिजिटलचा मोठा कारखानाही होता, आणि जगभर डिस्कांचे भाव दुपटीच्या घरात गेले. माणसांची घरं बुडाली होती, तिथे आपल्या टीव्हीच्या डिस्कचं काय घेऊन बसायचं, म्हणून तेव्हा गप्प राहिले. अजून भाव पूर्वीइतके उतरलेले नाहीत, पण आता परवडतं.

आता प्रत्यक्ष काम. भिंतीतला प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग डिशच्या दोन्ही केबल काढ, त्यांना खुणेच्या चिकटपट्ट्या लाव आणि बॉक्स थोडा वेळ तसाच राहू दे. झाकणाचे स्क्रू काढलेस की आत एका बाजूला विजेच्या पुरवठ्याची पाटी उघडीच दिसेल. तिला हात लावायचा नाही. प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहू शकतो. हे मी तुला बजावून सांगते आहे, मुलांना त्या वेळी खोलीत येऊ देऊ नकोस. आणि झाकण उघडलं की वॉरंटी संपते, तेव्हा तुमची शिल्लक असेल तर आधी भावजींशी बोल.

डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते. तिला दोनच केबल आहेत, एक माहितीची, एक विजेची. दोन्ही एकाच दिशेने बसतात, उलट्या घालता येतच नाहीत. स्क्रूंखाली रबराच्या चकत्या असतील तर त्या हरवू देऊ नकोस. डिस्कची थरथर पेटीत उतरू नये म्हणून त्या असतात. नवी डिस्क बसवून बॉक्स चालू केलास की ती कोरी असल्याने फॉरमॅट करावी लागते. ते बॉक्सलाच करू दे. तो आपल्याला हवी तशी विभागणी पूर्ण जागेवर स्वतः करून घेतो. पुष्कळ जण जुनी डिस्क सेक्टरमागून सेक्टर नव्या डिस्कवर उतरवतात. तेही चालतं, पण मग नवी डिस्क स्वतःला ३२० जीबीचीच समजते आणि विभाग वाढवायचा वेगळा उद्योग करावा लागतो. मला तो खटाटोप नको होता.

फॉरमॅट झालं की एखादा पाच मिनिटांचा कार्यक्रम रेकॉर्ड करून बघ. तो नीट दिसला, मागे-पुढे नेता आला, की बॉक्स पुन्हा बंद कर आणि दोन्ही डिस्का संगणकाला जोड. इथे लक्ष दे. विंडोजला या डिस्का वाचता येत नाहीत. ओळख पटली नाही की ती विचारते, डिस्क तयार करून घेऊ का? त्याला कधीही हो म्हणायचं नाही. एकदा हो म्हटलंस की अप्पांसारख्या माणसाचा सगळा उन्हाळा जाईल. त्यापेक्षा उबुंटूची सीडी टाकून त्यावरूनच संगणक सुरू कर. उबुंटू म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार. लिनक्सला हे विभाग वाचताही येतात आणि लिहिताही येतात, कारण बॉक्सच्या आतही लिनक्सच आहे.

कॉपी करण्याआधी जुनी कुठली आणि नवी कुठली हे आकारावरून आणि लेबलवरच्या क्रमांकावरून पक्कं कर, आणि कागदावर लिहून समोर ठेव. जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडता आली तर उत्तमच. एका रेकॉर्डिंगच्या एकाहून जास्त फायली असतात: एक मोठी, चित्र आणि आवाजाची, आणि तिच्याच नावाच्या छोट्या, ज्यांत कार्यक्रमाचं नाव, वाहिनी, वेळ वगैरे नोंदलेलं असतं. या सगळ्या एकत्र जायला हव्यात, म्हणून पूर्ण फोल्डरच उचल. यूएसबीच्या डब्यातून नेलंस तर सेकंदाला तीसेक मेगाबाइटने जवळजवळ तीन तास लागतील. संगणकाच्या आत थेट केबलने जोडल्यास निम्म्याहून कमी वेळ.

यूएसबीच्या छोट्या डिस्कवर आधी उतरवून मग परत नेऊ, असं तुला वाटेल. ती डिस्क फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीहून मोठी फाईल तिच्यावर बसत नाही, आणि तासाभराचं एचडी तेवढ्यातच बाहेर जातं. शिवाय बाहेर काढलेलं एचडी रेकॉर्डिंग दुसऱ्या कुठल्या यंत्रावर चालेल अशी आशा धरू नये. ते या बॉक्सचं आहे, याच बॉक्समध्ये परत बघायचं. बॉक्स तोच आणि डिस्क फक्त नवी, म्हणून आपलं काम सोपं होतं.

सगळं झाल्यावर जुनी डिस्क फॉरमॅट करून दुसऱ्या कामाला लावायची नाही. माझी मी स्थितिविद्युत न लागणाऱ्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, अप्पांच्या जुन्या फोटोंच्या कपाटात ठेवली आहे. डिस्क कुठलीही असो, कधीतरी थकतेच. दोन ठिकाणी असलं म्हणजे झोप नीट लागते.

आमच्याकडे भाजणी दळून झाली आहे, चकल्या पुढच्या शनिवारी. बेलग्रेव्ह रोडवर आतापासूनच गर्दी आहे. अप्पा कराडला पोचून सुखरूप आहेत. फोनवर त्यांनी प्रकृतीचं दोन वाक्यांत आटोपलं आणि मग विचारलं, "योगेश्वर आहे ना गं नव्या डिस्कवर?" आहे म्हणून सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा येतील, तेव्हा तुम्हीही चौघं या.

तू घाई करू नकोस. झाकण उघडून आतल्या डिस्कच्या लेबलचा फोटो मला आधी पाठव, मग कोणती मागवायची ते फोनवर ठरवू. नाताळात आम्ही तुमच्याकडे यायचं म्हणतोय. तोवर थांबता आलं तर डिस्क तेवढी मागवून ठेव. जोडायच्या केबल, उबुंटूची सीडी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर मी घेऊन येते, दोघी मिळून एका दुपारी करून टाकू. तोवर जागा हवीच असेल तर ज्या कार्टूनचे भाग रोज पुन्हा लागतात तेवढेच काढ. भावजींच्या शर्यतींना हात लावू नकोस.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझीच,
मेधा