पुणे महापालिका आयुक्तांना खुले पत्र: गटारांच्या उभ्या जाळ्या पावसाळ्याआधी आडव्या करा

माननीय आयुक्त,
पुणे महानगरपालिका

पावसाळी गटारांवरच्या लोखंडी जाळ्यांबद्दल हे पत्र आहे. अनेक रस्त्यांच्या डाव्या कडेला या जाळ्यांच्या फटी वाहतुकीच्या दिशेनेच उभ्या आहेत आणि सायकलवाल्याला नेमके त्याच कडेने जावे लागते.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, वाकड्या हँडलच्या पोलादी रेसिंग सायकली या शहरात आजही चालतात. त्यांचा टायर २७ × १¼ इंची, म्हणजे जेमतेम ३२ मिलिमीटर रुंद. फट ४० मिलिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर लांब असली, की पुढचे चाक आठ सेंटिमीटर आत जाऊन अडकते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. नुसता काठ लागला तरी ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोके पडतात, रिम चेपते, तिथल्या तारा (स्पोक) सैल होतात. तारा आवळून चाकाचा आउट, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलणे, काढता येतो; चेपलेली पोलादी रिम मात्र पुरती सरळ होत नाही आणि ब्रेकचे रबर दर फेऱ्याला तिथे अडखळते. बदली रिम नाक्यावर मिळत नाही. तिथे असते ती २८ × १½ ची, टायर बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर. या सायकलींचा ६३०. पाचच मिलिमीटरचा फरक, पण टायर चढत नाही. ७०० सी या दुसऱ्या मापाची (व्यास ६२२) रिम घातली तर ब्रेकची रबरे चार मिलिमीटर खाली घ्यावी लागतात, आणि जुन्या ब्रेकला रबर तेवढे खाली सरकवायची खाच असेलच असे नाही.

पावसात सगळेच बिघडते. क्रोमच्या ओल्या रिमवर रबर पकडत नाही, पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात. त्यात साचलेल्या पाण्याखाली जाळी दिसत नाही. टायरमध्ये ७५-८० पौंड हवा ठेवली तर ट्यूब सहसा वाचते, स्वार वाचत नाही.

यासाठी सगळ्या जाळ्या नव्या घ्यायची गरज नाही. पोलादी जाळीवर फटींना काटकोनात लोखंडी पट्ट्या वेल्ड करा. दोन पट्ट्यांत मोकळी जागा १० सेंटिमीटरच हवी: एवढ्या खाचेत २७ इंची चाक चार मिलिमीटरही उतरत नाही, १५ सेंटिमीटर ठेवली तर आठ उतरते. पट्टी सहा मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर तिचाच धक्का बसेल. बिडाच्या जाळीवर वेल्डिंग टिकत नाही. ती चौरस असेल तर उचलून फिरवून बसवा. हे काम तर पहारीने होते.

डांबराचे थरावर थर चढून जाळ्या खड्ड्यात गेल्या आहेत. जुना थर खरवडल्याशिवाय आणि चौकट पातळीत आणल्याशिवाय डांबरीकरणाचे बिल निघू नये, अशी अट निविदेत घाला.

महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आहे. त्यातल्या रस्त्यांपासून सुरुवात करा. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाकडून उभ्या फटींच्या जाळ्यांची यादी मे महिन्याआधी मागवावी आणि ती जाहीर करावी, ही विनंती.

आपले,
पुण्यातले सायकलस्वार आणि सायकल दुरुस्ती करणारे