दोन्ही हातांची नाडी पाहणाऱ्यांचे आभार

माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या मनगटाला नाडी लागत नाही हे ज्या परिचारिकेच्या लक्षात आले आणि ज्यांनी यंत्र बिघडले असेल असे न मानता उजव्या हाताचाही रक्तदाब मोजला, त्यांचे नाव आम्हाला कळलेच नाही. म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे. सततचा थकवा, बारीक ताप, वजनातील घट आणि केस विंचरताना हात भरून येणे या तक्रारी तोवर अशक्तपणाच्याच समजल्या जात होत्या. दोन हातांच्या रक्तदाबातील मोठ्या फरकामुळे ताकायासू आर्टरायटिसची शंका आली. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये डोळ्यांच्या पडद्यावरील बदलांवरून नोंदवलेल्या या दुर्मीळ विकारात महाधमनी व तिच्या शाखांच्या भिंती सुजून त्या अरुंद होतात, आणि तो बहुधा चाळिशीच्या आतील स्त्रियांना होतो. दुसरा हात तपासायला फारसा वेळ लागत नाही. तरुण रुग्णाच्या बाबतीत तो तपासलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. मानेजवळ स्टेथोस्कोप ठेवून रक्तप्रवाहाचा खरखरता आवाज लक्षपूर्वक ऐकणारे डॉक्टर आणि अँजिओग्राफीच्या वेळी तिला धीर देणारे तंत्रज्ञ यांचेही आम्ही ऋणी आहोत. स्टिरॉइडचे उपचार वेळेत सुरू झाले, ते आपणा सर्वांमुळे. आमचा नमस्कार स्वीकारावा.